42 किलो तेलाच्या 46 बाटल्या कशा झाल्या? किलो, लिटर आणि घनतेचा हिशेब

आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा मांडते. तुम्ही लाकडी घाणा सुरू केलाय. 100 किलो शेंगदाण्यांतून 42 किलो तेल निघालं, म्हणून एक लिटरची 42 लेबलं काढून ठेवलीत. भरायला बसलात तर 46 बाटल्या भरल्या आणि वर पेलाभर तेल उरलं. आता काटा चुकतोय की बाटली लहान आहे, हे तुम्हाला कळेना. त्यातच एका हॉटेलवाल्यांनी ‘पंधराचा डबा’ मागितला, तुम्ही 15 लिटर मोजून दिलंत, आणि त्यांनी तो काट्यावर ठेवून ‘सव्वा किलोच्या वर कमी आहे’ म्हणत पैसे अडवले. शिवाय एका कागदावर तेलाची घनता 0.915 लिहिलीय, दुसऱ्यावर 915. नवीन टाकीवर 1.2 घनमीटर लिहिलंय. हे सगळं एकमेकांत कसं बदलायचं, असं तुम्ही विचारलंय.

पहिली गोष्ट, तुमचा काटा बरोबर आहे आणि बाटलीही बरोबर आहे. मी 24 वर्षं खाद्यतेलाच्या प्रयोगशाळेत आणि भरणी विभागात काढली. नव्या माणसाचा पहिला गोंधळ जवळजवळ नेहमी हाच असतो, कारण तो आपल्या बोलण्यातच आहे. दुकानात जाऊन आपण ‘एक किलो तेल द्या’ म्हणतो, दुकानदार एक लिटरची पिशवी देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पाण्याच्या बाबतीत हे खपून जातं, कारण एक लिटर पाणी जवळपास एक किलो भरतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर शेंगदाणा तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे एक किलो तेलाला एका लिटरपेक्षा जास्त जागा लागणार, अंदाजे 1.1 लिटर. तुमच्या 42 किलोला म्हणूनच 46 लिटरची जागा लागली. तेल वाढलं नाही, 42 आणि 46 हे त्याच तेलाचे दोन वेगळे आकडे आहेत.

आपल्या आजी-पणजीला हा फरक नीट ठाऊक होता. पायली, अधोली, मापटं ही सगळी मापं जागेची, वजनाची नाहीत. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या सारख्याच जड असतील असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलं नसतं. लिटर म्हणजे पायलीच्या घरचं माप आणि किलो म्हणजे तराजूच्या घरचं. या दोन घरांमधला पूल म्हणजे घनता: एवढ्या जागेत एवढं वजन.

आता एककं. इथे पाठांतर करू नका, डोळ्यांपुढे एक डबा आणा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 10 सेंटिमीटर. त्यात 10 × 10 × 10 म्हणजे 1000 घन सेंटिमीटर मावतात. हाच एक लिटर. म्हणून एक घन सेंटिमीटर म्हणजेच एक मिलिलिटर. औषधाच्या सिरिंजवर जे ‘सीसी’ म्हणतात तेही हेच. (1901 ते 1964 या काळात लिटरची व्याख्या एक किलो पाण्याने व्यापलेली जागा अशी होती आणि त्यामुळे तो घन डेसिमीटरपेक्षा दहा लाखांत 28 भाग एवढा मोठा भरत असे. 1964 पासून दोन्ही अगदी एक आहेत. तुम्हा-आम्हाला त्याने काही फरक पडत नाही, पण जुन्या पुस्तकात मिलिलिटर आणि घन सेंटिमीटर वेगळे दाखवलेले दिसले तर गोंधळू नका.)

आता तसाच पण एक मीटर बाजूचा डबा घ्या. मीटरमध्ये 100 सेंटिमीटर, म्हणून घनमीटरमध्ये 100 घन सेंटिमीटर असं मन लगेच म्हणतं. तुमच्या ‘1.2 घनमीटर म्हणजे 120 लिटर का?’ या शंकेचं मूळ इथेच आहे. बाजू तीन आहेत, तिन्ही बाजूंना शंभरपट होते. 100 × 100 × 100, म्हणजे दहा लाख घन सेंटिमीटर. ते हजाराने भागले की 1000 लिटर. तुमची टाकी 1200 लिटरची आहे.

घनतेत हीच गंमत उलटी पडते आणि काम सोपं होतं. ‘0.915’ हा आकडा ग्रॅम प्रति मिलिलिटरचा आहे. तोच किलो प्रति लिटरचाही आहे, कारण ग्रॅमचा किलो करताना वर हजारपट झाली, मिलिलिटरचा लिटर करताना खालीही हजारपट झाली. आणखी एकदा दोन्हीकडे हजारपट केली की तोच आकडा टन प्रति घनमीटरचा होतो. आकडा हलतच नाही. मात्र वर किलोच ठेवून खाली घनमीटर घेतला तर जागा लिटरच्या हजारपट झाली, म्हणून त्यात मावणारं वजनही हजारपट: 915 किलो प्रति घनमीटर. ग्रॅम प्रति लिटरमध्येही 915च. तुमचे दोन कागद एकच गोष्ट सांगताहेत. पेट्रोल पंपावर घनता लिहिलेली असते ती पाहा. तिथे 740, 750 असे आकडे दिसतात. ते किलो प्रति घनमीटरचे असतात आणि 15 अंश सेल्सिअसला आणून लिहिलेले असतात. कागदावर एकक लिहिलेलं नसेल तरी ओळखता येतं: खाण्याच्या तेलासाठी आकडा शून्य पूर्णांक नऊच्या आसपास असेल तर किलो प्रति लिटर, नऊशेच्या आसपास असेल तर किलो प्रति घनमीटर. मधलं काही दिसलं, म्हणजे 9.15 किंवा 91.5, तर ज्याने लिहिलंय त्याचं दशांशचिन्ह चुकलंय. तो कागद परत पाठवा.

गुणायचं की भागायचं, यावर माझ्या हाताखालची शिकलेली मुलंसुद्धा अडायची. सूत्र त्यांना पाठ असे, पण घाईत उलटं वापरलं जाई. मी त्यांना कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायला लावायची: उत्तर मोठं यायला हवं की लहान? तेल पाण्यापेक्षा हलकं आहे. म्हणून लिटरचा आकडा किलोच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा असणार. लिटरवरून किलोकडे जाताना आकडा लहान व्हायला हवा, 0.91 ने गुणलं की तो होतो. किलोवरून लिटरकडे जाताना मोठा व्हायला हवा, 0.91 ने भागलं की तो होतो. दूध संकलन केंद्रावर याच्या उलट दिसेल. दूध पाण्यापेक्षा जड, घनता साधारण 1.03, म्हणून तिथे किलोचा आकडा मोठा आणि लिटरचा लहान.

हे मी इतकं घोळवून सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रात्रपाळीला 9 टन सोयाबीन तेलाचा टँकर आला. रिकामी टाकी 9,500 लिटरची होती. भरणीवरच्या माणसाने हिशेब केला की 9 टन म्हणजे 9,000 लिटर, वर 500 लिटर जागा शिल्लक राहील. पंप लावला आणि तो चहाला गेला. ऐकायला बरोबर वाटणारा हिशेब आहे. पण 9,000 किलोला 0.912 ने भागलं तर 9,868 लिटर येतात. मी खालच्या मजल्यावर नमुने तोलत होते. आधी वास आला, मग जिन्यावरून तेल पायरी-पायरीने खाली उतरताना दिसलं. पंप बंद होईपर्यंत साडेतीनशे लिटरच्या वर तेल फरशीवर गेलं होतं. आम्ही पहाटेपर्यंत भुसा टाकून ते गोळा करत होतो, एक हमाल घसरून त्याचं मनगट मोडलं. तो माणूस निष्काळजी नव्हता. एका भागाकाराची गरज आहे, एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या 1.2 घनमीटरच्या टाकीवर आजच रंगाने दोन आकडे लिहून ठेवा: 1200 लिटर, आणि त्याखाली ‘तेल 1090 किलो’. भरताना त्याच्याही पुष्कळ खाली थांबा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. ‘शेंगदाणा तेलाची घनता किती’ याला एकच उत्तर नाही, कारण तेल तापलं की फुगतं. वजन तेवढंच, जागा जास्त, म्हणून घनता कमी. दर अंशामागे लिटरला साधारण 0.68 ग्रॅम एवढा फरक पडतो. सोयाबीन तेलाचे आकडे सरकारी कागदपत्रांत आहेत: 21 अंशाला एक लिटर 919 ग्रॅम, 60 अंशाला 892.6 ग्रॅम. हा फरक वापरून काही ठिकाणी पाकिटावर ‘60 अंशाला एक लिटर’ असं लिहून कमी वजनाचं तेल विकलं जात होतं. स्वयंपाकघरात कुणाचं तेल 60 अंशाला असतं? ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ परिमाण लिहा, आकारमान लिहिलं तर सोबत वजनही लिहा, आणि ही दुरुस्ती 15 जानेवारी 2023 पर्यंत करा. तुमच्या लेबलवरही लिटरसोबत ग्रॅम यायला हवेत, ते याच कारणाने.

तुमच्या घाण्याला हे कसं लागू पडतं ते पाहू. घाण्यातून तेल कोमट बाहेर पडतं, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर 45 अंशाला सहज असतं. समजा त्या गरम तेलाने तुम्ही खुणेपर्यंत बरोबर एक लिटर बाटली भरली. 20 अंशाला ज्या तेलाची घनता 0.916 आहे, ती 45 अंशाला 0.899 वर येते. म्हणजे बाटलीत 899 ग्रॅम गेले. डिसेंबरात पुण्याच्या एखाद्या घरी ती बाटली 20 अंशाला उभी असेल तेव्हा त्यात 981 मिलिलिटर दिसतील. तुम्ही एक थेंब चोरला नाहीत, तरी ग्राहकाला 19 मिलिलिटर कमी मिळाले. आवेष्टित म्हणजे पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे एक लिटरच्या एखाद्या नगात 15 मिलिलिटरपर्यंतची तूट चालवून घेतात, पण सगळ्या नगांची सरासरी लिहिलेल्या परिमाणापेक्षा कमी असता कामा नये. इथे तर दोन्ही कसोट्यांवर तुमचा माल नापास होईल.

म्हणून माझं ठाम मत: बाटली खुणेवर भरू नका, काट्यावर भरा. तापमान बदललं की खूण खोटं बोलते, काट्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. रिकामी बाटली ठेवा, काटा शून्यावर आणा, ठरलेले ग्रॅम भरा. किती ग्रॅम? बाजारात 910 ची पद्धत रुळलेली आहे. 30 अंशाच्या तेलाला ती योग्य आहे. पण मी तुमच्या जागी असते तर थंडीतल्या घनतेला धरून 916 ग्रॅम भरलं असतं. किलोला 310 रुपये खर्च धरला तरी सहा ग्रॅमचे दोन रुपयेसुद्धा होत नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऋतूत तुमची बाटली जवळपास पूर्ण लिटर भरेल. एवढं मात्र पाहा की बाटलीला मानेपाशी मोकळी जागा हवी. 916 ग्रॅम तेल मे महिन्यात 1,015-1,020 मिलिलिटर जागा मागेल. काठोकाठ लिटरभरच मावणारी बाटली उन्हात झाकणापाशी पाझरते.

हे 0.916 वगैरे माझे आकडे झाले. तुमच्या शेंगदाण्याची जात आणि तेलात राहिलेला गाळ यांवर तुमचा आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, म्हणून तो स्वतः मोजा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे 25 मिलिलिटरची घनता बाटली मिळते, काचेची, बुचाला केसासारखं भोक असलेली. सोबत एक-शतांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि साधा थर्मामीटर लागेल. तेल निदान तीन दिवस निवळू द्या. ताजं काढलेलं तेल डोळ्याला स्वच्छ दिसलं तरी त्यात बारीक पेंड आणि हवेचे बुडबुडे असतात. पेंड घनता वाढवते, बुडबुडे कमी करतात.

माझ्या वहीतलं एक मोजमाप देते. कोरडी रिकामी बाटली 27.41 ग्रॅम. 30 अंशाच्या ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने भरल्यावर 52.31. म्हणजे पाणी 24.90 ग्रॅम. पाण्याची घनताही 30 अंशाला पूर्ण एक नसते, 0.9957 असते. 24.90 ला त्याने भागलं की बाटलीची खरी जागा कळते: 25.01 मिलिलिटर. बाटलीवर छापलेल्या 25 वर विसंबायचं नाही, ही पायरी त्यासाठीच. मग बाटली धुवून, पूर्ण वाळवून, त्याच 30 अंशाचं तेल भरलं. बूच बसवताना भोकातून तेल वर येतं ते बाहेरून पुसायचं, भोकातलं टिपून घ्यायचं नाही. वजन आलं 50.14, म्हणजे तेल 22.73 ग्रॅम. 22.73 भागिले 25.01, उत्तर 0.909 किलो प्रति लिटर, 30 अंशाला. यातून 20 अंशाचा आकडा हवा असेल तर 10 अंशांचे 0.0068 त्यात मिळवा: 0.9158. हाच तो माझा 0.916. वहीत लिहिताना घनतेच्या शेजारी तापमान लिहिलंच पाहिजे. तापमान नसलेला घनतेचा आकडा मी माझ्या प्रयोगशाळेत कधी सहीसाठी घेतला नाही.

हॉटेलवाल्यांचं भांडण आता सरळ सुटेल. 15 लिटर गुणिले 0.909 म्हणजे 13.64 किलो. त्यांना 1.36 किलो कमी दिसलं ते अगदी खरं आहे. डब्याचा व्यवहार बहुतेक ठिकाणी 15 किलोचा समजला जातो, पण बाजारात 15 लिटरचेही डबे आहेत, आणि नुसतं ‘पंधराचा’ म्हटलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ घेतो. त्यांना 15 किलो हवं होतं तर 16.5 लिटर द्यायला हवं होतं. भाव सांगताना तुम्ही कुठला डबा डोळ्यांपुढे धरला होता ते आठवून पाहा. किलोच्या डब्याचे पैसे मागितले असतील तर उरलेलं 1.36 किलो तेल पोचवा आणि सांगा की माप चुकलं. लिटरचा भाव लावला असेल तर बिलावर 15 लिटर, 13.64 किलो असं दोन्ही लिहून दाखवा. पुढच्या बिलापासून डब्याच्या ओळीत किलो की लिटर हा शब्द छापूनच घ्या.

भावातही तुम्ही न विचारलेला एक खड्डा आहे. शेंगदाणा, मजुरी, वीज, सगळं तुम्ही किलोवर मोजता. समजा खर्च किलोला 310 रुपये येतो. लिटरचा खर्च त्याला 0.909 ने गुणून येईल, 282 रुपये. इथे पुष्कळ जण भागतात. लिटरचा आकडा मोठा असतो हे लक्षात राहिलेलं असतं, पण ते तेलाच्या परिमाणाबद्दल होतं. एका लिटरमध्ये तेल किलोपेक्षा कमी आहे, म्हणून एका लिटरची किंमतही किलोपेक्षा कमीच यायला हवी. माझ्या 916 ग्रॅमच्या सल्ल्याप्रमाणे भरलंत तर 284 धरा. त्यावर बाटली, लेबल आणि तुमचा नफा.

पुढच्या महिन्यात तीळ आणि करडई सुरू करणार म्हणताय. त्यांना शेंगदाण्याचा आकडा चालवू नका. करडई तेल शेंगदाण्यापेक्षा थोडं जड असतं, 20 अंशाला 0.922 ते 0.927 च्या पट्ट्यात. घनता बाटलीची जागा एकदा पाण्याने मोजून झाली की ते पुन्हा करावं लागणार नाही. साबणाच्या गरम पाण्याने धुवा, उलटी घालून रात्रभर वाळू द्या, सकाळी रिकामी तोला, आणि तिचं आधीचं कोरडं वजन (माझ्या बाटलीचं 27.41) आलं तरच नवं तेल भरा. दोन-तीन शतांश ग्रॅमने जास्त आलं तर आधीचं तेल आत चिकटलेलं आहे, पुन्हा धुवा.